बाई, दिसतंय की! मग सिद्ध कशाला करायचं?

पाटीपेन्सिल · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. आज वर्गात एका मुलाने प्रश्न विचारला. मला धड उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

नववीला चौकोन चालू आहे. शनिवारी त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय झालं. आज मुलांना संगणक कक्षात नेलं. चालू संगणक बारा, मुलं एकेचाळीस, म्हणजे तिघा-चौघांत एक. जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवलं होतं. काम एवढंच: कुठलाही चौकोन अबकड काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या, ते ओळीने जोडा आणि आत जो चौकोन तयार होईल त्याच्या बाजू मोजा. मग बाहेरचा कुठलाही बिंदू माउसने धरून ओढा.

आतला चौकोन समांतरभुज राहतोय हे पाच मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं. एका मुलीने अ बिंदू आत आत नेला. चौकोन बाणाच्या टोकासारखा झाला, तिने आणखी ओढला तेव्हा दोन बाजू एकमेकींना छेदून गेल्या. ती ओरडलीच, "बाई, बाहेरचा मोडला पण आतला नाही मोडला!" सगळा वर्ग तिच्या संगणकाभोवती गोळा झाला. इतक्या वर्षांत भूमितीच्या तासाला असा गलका मी ऐकला नव्हता.

मग मी फळ्याकडे वळले, 'पक्ष' आणि 'साध्य' लिहिलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, दिसतंय की! मग सिद्ध कशाला करायचं?"

तो मुलगा उद्धट नाही. त्याने खरंच पन्नासदा ओढून पाहिलं होतं आणि त्याची खात्री पटली होती. मी म्हटलं, "परीक्षेला येतं म्हणून." तो गप्प बसला, वहीत उतरवायला लागला. या उत्तराचं मला फार वाईट वाटतंय. ज्या वर्गात दहा मिनिटांपूर्वी गलका होता तो वर्ग मी एका वाक्यात बंद केला.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आणि जे हे सॉफ्टवेअर वर्गात वापरतात त्यांनी सांगा, पाहण्यापासून विचार करण्यापर्यंत मुलांना कसं नेता?

कंपासपेटी · सोमवार, रात्री १०.०२

ताई, चौतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालो. मनापासून सांगतो, राग मानू नका.

फळ्यावर एकच आकृती असते. ती एक आकृती बघून मुलाच्या मनात शंका येते, की या चौकोनात जमलं, दुसऱ्यात जमेल का? ती शंका म्हणजे सिद्धतेचं दार. तुमच्या यंत्राने हजार चौकोन दाखवून ते दारच लावून घेतलं. पोराला आता शंकाच उरली नाही, मग तो सिद्ध कशाला करेल? उदाहरणं हजार घेतली काय आणि लाख घेतली काय, ती उदाहरणंच, सिद्धता नव्हे. पण हे त्याला पटणार कसं?

दुसरं, हाताचं काय? कंपासचं टोक कागदात रुतवून कंस काढला की त्रिज्या म्हणजे काय हे बोटांना कळतं. माउसच्या एका टिचकीत वर्तुळ येतं तेव्हा काय कळतं?

लंबपाद · सोमवार, रात्री १०.४५

शंका जागी करायची असेल तर ती याच सॉफ्टवेअरने करता येते. मी शिक्षक नाही, पुण्यात नोकरी करतो, रविवारी वस्तीतल्या मुलांचा गणिताचा वर्ग घेतो. तिथे हे केलेलं आहे.

पाया बक ३ एककं. त्याचे तीन समान भाग करणारे बिंदू ड आणि इ. शिरोबिंदू अ पायाच्या बरोबर मध्यावर, १५ एककं उंच. अड आणि अइ जोडा. अ पाशी तीन कोन तयार होतात. दशांश स्थळं शून्यावर ठेवून कोन मोजले की पडद्यावर दिसतं ४°, ४°, ४°. मुलं लगेच म्हणतात, बाजूचे तीन समान भाग केले की समोरच्या कोनाचेही तीन समान भाग होतात. पटण्यासारखंच आहे ते. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने म्हणतो, अ जरा खाली आणा बघू. उंची १.५ वर आली की कोन होतात २७°, ३७°, २७°. मग वर परत नेऊन दोन दशांश स्थळं लावायची: ३.८०°, ३.८२°, ३.८०°. सुरुवातीलाही ते समान नव्हते!

इथे मुलांना पडद्याच्या आकड्याबद्दल पहिल्यांदा शंका येते. मग विचारायचं, एखाद्या वेगळ्याच त्रिकोणात हे तीन कोन समान असतील का? ओढून शोधत बसलात तर दिवस जाईल. पण दहावीचं कोनदुभाजकाचं प्रमेय घ्या. अबइ त्रिकोणात ड हा बइ चा मध्य आहे. अड जर कोनाचा दुभाजक असेल तर अब आणि अइ समान हवेत, म्हणजे अ मधून टाकलेला लंब ड वरच पडेल. तसाच विचार अडक त्रिकोणात केला तर तोच लंब इ वर पडायला हवा. एका बिंदूतून एका रेषेवर लंब एकच. म्हणजे असा त्रिकोण असूच शकत नाही. जे हजारदा ओढून कळलं नसतं ते चार ओळींत कळलं.

पाटीपेन्सिल · सोमवार, रात्री ११.२०

लंबपाद, हे फार सुंदर आहे, दहावीला नक्की घेणार. पण माझ्या त्या मुलाला हे उत्तर होत नाही. मध्यबिंदूंच्या चौकोनात पडदा फसवत नाहीये. त्याला जे दिसलं ते खरंच आहे. 'तुझे डोळे फसवतील' अशी भीती घातली तर तो म्हणेल, इथे कुठे फसवलं? आणि त्याचं बरोबर असेल.

कंपासपेटी सर, राग कसला. दार लागलं हे मला पटतंय. ते दुसरीकडून उघडता येईल का हेच शोधतेय.

दूरदेशी · मंगळवार, सकाळी ६.३०

पाटीपेन्सिल, तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी कॅनडात ऑन्टारियोत माध्यमिक शाळेत शिकवते. इथे प्रांताच्या शिक्षण खात्याने शाळांसाठी जिऑमेटर्स स्केचपॅड या अशाच सॉफ्टवेअरचं लायसन घेतलं होतं, त्यामुळे हा पेच आमच्याकडे बराच जुना आहे. मुळात तो या साधनांइतकाच जुना. फ्रान्समध्ये ग्रनोबलला १९८० च्या दशकात काब्री तयार झालं, अमेरिकेत १९९१ मध्ये स्केचपॅड आलं, तुमचं जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला प्रबंधासाठी सुरू केलं. प्रत्येक वेळी शिक्षकांना हाच प्रश्न आला.

माझ्या मनात ज्यांचं म्हणणं बसलं ते दक्षिण आफ्रिकेतले मायकेल डी व्हिलियर्स. १९९० च्या सुमारास त्यांनी मांडलं की सिद्धतेचं काम खात्री पटवणं एवढंच नाही. गणितज्ञांचीही खात्री बऱ्याचदा आधीच पटलेली असते, म्हणून तर ते सिद्धतेच्या मागे लागतात. सिद्धता सांगते, हे असं *का* होतं.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं असतं, "बरोबर, दिसतंय. माझीही खात्री आहे. आता मला सांग, बाहेरचा चौकोन एवढा वाकडातिकडा होतोय, तरी आतल्याला शिस्त कोण लावतंय?" खरं आहे का, हे विचारायचंच नाही. का आहे, ते विचारायचं.

आणि तिथेच थांबायचं नाही. आतला चौकोन समभुज कधी होईल? आयत कधी होईल? हे प्रश्न ओढून सुटायला लागतात पण ओढून संपत नाहीत. मुलं आतला समभुज *ठेवत* बाहेरचा हलवायचा प्रयत्न करतात. इटलीतल्या संशोधकांनी ओढण्याचेही प्रकार पाडलेत: नुसतं भटकत ओढणं वेगळं आणि एखादा गुण धरून ठेवून ओढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात मुलाच्या डोक्यात 'जर… तर…' तयार होतं. वर्गात फिरताना मी मुलांच्या हातांकडे बघते. बिंदू सुसाट फिरतोय की हळूहळू सरकतोय, एवढ्यावरून कळतं.

रानजाई · मंगळवार, सकाळी ९.१५

पालक म्हणून विचारते. मुलगा आठवीत आहे, घरी संगणक नाही. फोनवर हे चालतं का? इंटरनेट लागतं का?

नदीकाठ · मंगळवार, दुपारी १.४०

रानजाई ताई, चालतं. फोनचं फुकट ॲप आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही आकृत्या काढता येतात. फक्त बोटाखाली बिंदू झाकला जातो, त्यामुळे लहान आकृतीत चिडचिड होते. आकृती मोठी काढायला सांगा.

मूळ प्रश्नाबद्दल: मी गोंदिया जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सहावी ते आठवी. आमच्याकडे लोकवर्गणीतून घेतलेला एक टीव्ही आणि एक लॅपटॉप. तेवढ्यावरच चाललं आहे आणि मला वाटतं तेच बरं झालं. बारा संगणक असते तर मी सगळीकडे धावत बसलो असतो.

माझा नियम साधा आहे. आधी वही, मग माउस. टीव्हीवर आकृती दिसते, मी विचारतो, "हा बिंदू उजवीकडे नेला तर हा कोन वाढेल, घटेल की तेवढाच राहील?" प्रत्येकाने वहीत लिहायचं आणि पुढे एक ओळ, 'कारण मला वाटतं…'. लिहून झाल्याशिवाय बिंदू हलत नाही. मग एका पोराला बोलावतो, तो हलवतो. मी माउसला हात लावत नाही. हात लावला की तो तास माझा होतो. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, खाली नवीन ओळ लिहायची. चुकलेल्या अंदाजापाशी सगळ्यात जास्त बोलणं होतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगतो. चौरस काढायला सांगितला. एका पोराने चार बिंदू नजरेने ठेवून अगदी टुमदार चौरस काढला. जाळीवर टेकवून, बाजू मोजून, सगळं ४, ४, ४, ४. मी वर्गाला विचारलं, चौरस आहे का? सगळे म्हणाले, आहे. दुसऱ्या पोरीला म्हटलं, एक कोपरा ओढ. ओढला आणि चौरसाचा पतंगही राहिला नाही. पोरगा म्हणाला, "गुरुजी, तिनं बिघडवला." मी म्हटलं, असा काढ की कोणी ओढला तरी बिघडणार नाही. दोन तास लागले. अब रेषाखंड घेतला, अ आणि ब मधून लंब काढले, तिथपर्यंत ठीक. पण वरचा बिंदू लंबावर कुठे ठेवायचा? नजरेने ठेवला की परत बिघडतो. शेवटी एक पोरगी म्हणाली, "अ वर कंपास ठेवून ब एवढं माप घेऊ." अ केंद्र, अब त्रिज्या, वर्तुळ. जिथे वर्तुळाने लंब कापला तिथे बिंदू. आता कुठूनही ओढा, चौरस लहानमोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो.

कंपासपेटी सर, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. तिला वर्तुळ सुचलं कारण तिने आधी कागदावर कंपास फिरवला होता. आणि त्रिज्या समान असतात याचा *उपयोग* तिला पडद्यावर कळला. मला दोन्ही हवं आहे.

या वर्गात नंतर 'चौरस हा आयत असतो का' यावरचं भांडणही मिटलं. लहान मुलं आकृतीला चेहऱ्याने ओळखतात, गुणधर्माने नाही. नेदरलँड्सच्या पिअर आणि डिना व्हॅन हीले या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्येच या पायऱ्या मांडल्या होत्या. आमच्या आयताच्या फाइलमध्ये एका पोराने बाजू ओढत ओढत आयत चौरसासारखा केला. तो म्हणाला, "फाइल तर आयताचीच आहे, मी वेगळी नाही उघडली." हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं.

एक सावधगिरी. सॉफ्टवेअर कोन दोन दशांशांत दाखवतं. एका मुलीने त्रिकोणाचे ५८.३७, ७१.२९ आणि ५०.३३ मिळवले, १७९.९९ आले. ती घाबरून म्हणाली, प्रमेय चुकलं. हा तास पुढे अर्धा तास लांबला, पण मोजमाप वेगळं आणि कारण वेगळं हे त्या दिवशी आठवीच्या मुलांना जेवढं कळलं तेवढं माझ्या कुठल्याही भाषणाने कळलं नसतं.

कोनमापक · मंगळवार, रात्री ८.५५

नदीकाठ, शेवटच्या परिच्छेदाला माझा जोड. मी गोव्यात नववी-दहावीला शिकवतो, आमच्याकडे एनसीईआरटीची पुस्तकं.

वर्तुळ, त्यात जीवा अब, वर्तुळावर फिरणारा बिंदू प. अपब कोन मोजला, ४०° आला. प मोठ्या कंसावर कुठेही ओढला तरी ४० चा ४०. हे दाखवायला मी फाइल करून नेली होती. वर्गात एका मुलाने प ओढत ओढत अ ओलांडून लहान कंसावर नेला. पडद्यावर २२०°.

मला माहीत होतं काय झालं ते. सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं, बाजू बदलली की आतल्या कोनाऐवजी प्रविशाल कोन दाखवतं. सेटिंगमध्ये जाऊन ० ते १८० हा पर्याय निवडला की १४० दिसतात. मी माउस घ्यायला पुढे झालो, एवढ्यात तोच मुलगा म्हणाला, "सर, बरोबर १८० नी वाढला." हात मागे घेतला. दुसरीकडून ब ओलांडून बघ म्हटलं, पुन्हा २२०. जीवा बदलून बघ म्हटलं, ५५ चे २३५. नेहमी १८० च का?

मुलांनी स्वतःच आतला कोन काढला, ३६० वजा २२०, १४०. मग ४० आणि १४०. कोणीतरी म्हणालं, बेरीज १८०. मग कंस. इकडचा कोन त्याच्या कंसाच्या निम्मा, म्हणजे कंस ८०°. तिकडचा कोन उरलेल्या कंसाच्या निम्मा, २८० चे १४०. दोन्ही कंस मिळून पूर्ण वर्तुळ, म्हणून दोन्ही कोन मिळून १८०. चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन, जो पाठ मी पुढच्या आठवड्यात घेणार होतो, तो त्याच तासाला वर्गातून आला.

घरी आल्यावर लक्षात आलं की मी नेहमीप्रमाणे सेटिंग आधीच नीट करून फाइल नेली असती तर यातलं काहीच झालं नसतं. तेव्हापासून मी फाइल फार घासूनपुसून नेत नाही. इंटरनेटवर तयार फाइली ढिगाने मिळतात, सरकपट्टी हलवली की सगळं आपोआप होतं. बघायला छान, पण मुलांना करायला काही उरत नाही. मी शक्यतो रिकाम्या पानापासून सुरू करतो.

कंपासपेटी · मंगळवार, रात्री १०.३०

सगळं दोनदा वाचलं. गोंदियाच्या गुरुजींना नमस्कार सांगतो. 'आधी वही, मग माउस' हे मला पटलं.

दूरदेशी यांनी 'का' वर बोट ठेवलं त्यावरून आठवलं. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, उपपत्ती. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली. भास्कराचार्यांचे नियम लोक जवळजवळ चारशे वर्षं वापरत होते, उत्तरं बरोबर येत होती, कोणाला शंका नव्हती. तरी या माणसाने नियमामागून नियमाची उपपत्ती देत टीका लिहिली. खात्री असताना. म्हणजे काल मी जे म्हटलं, की शंका नसेल तर सिद्धतेचं दार लागतं, ते अपुरं होतं.

तरी एक आग्रह कायम आहे. मुलांनी शेवटी ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिलं पाहिजे. पडद्यावर कळलेलं लिहिताना अर्धं सांडतं, आणि जे सांडतं तेच कळलेलं नसतं. पाटीपेन्सिल ताई, परत वर्ग झाला की कळवा.

पाटीपेन्सिल · गुरुवार, रात्री ९.४०

झाला वर्ग. सविस्तर लिहिते.

तासाच्या सुरुवातीला मी त्या मुलाला सगळ्यांसमोर म्हटलं, "परवा मी तुला जे उत्तर दिलं ते बरोबर नव्हतं. तुझी खात्री पटली आहे, माझीही पटली आहे. आज आपण आतल्या चौकोनाला शिस्त कोण लावतं ते शोधू." तो लाजला.

मग प्रश्न दिला: आतला चौकोन समभुज कधी होईल? आधी वही. बहुतेकांनी लिहिलं, बाहेरचा समभुज असेल तेव्हा. कारण, 'आतबाहेर सारखंच असणार.' माउस हातात घेतले आणि पहिल्याच मिनिटाला धक्का. बाहेरचा समभुज केला की आतला आयत होतोय! मग कोणीतरी बाहेर आयत करून पाहिला, तर आत समभुज. वर्गात समाधान पसरलं, उत्तर मिळालं, आयत. मी फक्त म्हटलं, "आणखी कुठला?"

त्या मुलाच्या गटात (ती 'बाहेरचा मोडला' वाली मुलगीही त्यातच) वीस मिनिटं शोध चालला. समद्विभुज समलंब चौकोनात आतला समभुज मिळाला. मग त्यांनी आतल्या चारही बाजू ३.७ वर धरून बाहेरचे बिंदू अगदी हळू हळू सरकवायला सुरुवात केली. दूरदेशी, तुम्ही लिहिलेलं आठवलं, बिंदू खरंच सरकत होता, एक जण आकडे वाचतोय, दुसरा माउस धरतोय, "थोडा वर, थोडा, बस्स". शेवटी पडद्यावर असा चौकोन आला की त्याला काही नावच नाही. ना समांतर बाजू, ना समान बाजू, ना काटकोन. आणि आत समभुज.

मी विचारलं, "आयत, समलंब आणि हा बिननावाचा, या तिघांत सारखं काय?" त्यांनी बाजू बघितल्या, कोन बघितले. काही नाही. मी तिथून निघून दुसऱ्या गटाकडे गेले, मुद्दाम. पाठीमागून ऐकू आलं, मुलगी म्हणाली, "कर्ण काढायचे राहिलेत." काढले. मोजले. ७.४ आणि ७.४.

मग दोन-तीन सेकंद शांतता आणि तो मुलगा म्हणाला, "३.७ म्हणजे ह्याच्या निम्मं." आणि मग मोठ्याने, "बाई, शनिवारचं प्रमेय!" अबक त्रिकोण, अब आणि बक चे मध्यबिंदू, जोडणारी रेषा अक ला समांतर आणि निम्मी. अडक त्रिकोणात पलीकडची बाजूसुद्धा अक ला समांतर आणि निम्मी. म्हणजे आतल्या समोरासमोरच्या दोन बाजू एकाच कर्णाच्या हुकुमात. दुसऱ्या दोन बाजू दुसऱ्या कर्णाच्या. तो म्हणाला, "मग परवाचं पण यानेच होतंय." पक्ष आणि साध्य त्याने स्वतः लिहिलं. कंपासपेटी सर, सांडलंही. 'समांतर' लिहिलं, 'निम्मी' लिहायचं राहिलं. त्याच्या शेजाऱ्याने दाखवून दिलं.

मुलीचं समाधान होत नव्हतं. तिचा प्रश्न, चौकोन आत दुमडला की एक कर्ण बाहेर जातो, मग ही सिद्धता चालेल का? तिने ओढून तसा चौकोन केला, कर्ण बाहेर दिसत होता, त्यावर बोट ठेवून पुन्हा दोन्ही त्रिकोण शोधले. चालते. मग बाजू छेदतात तो चौकोन. तिथे तिला एक जागा सापडली जिथे आतला चौकोन नाहीसा होतो, एक सरळ रेषाखंड उरतो. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. कर्ण बघितले तर दोन्ही समांतर झाले होते. आतल्या चारही बाजू एकाच दिशेच्या झाल्यावर चौकोन उरणार कुठून. हे कारण तिनेच सांगितलं.

सगळीकडे असं झालं नाही. तीन गट आयतावरच थांबले, एक गट रंग भरत बसला, दोन संगणक मध्येच बंद पडले. बारापैकी चार-पाच गट कर्णांपर्यंत पोचले. बाकीच्यांना त्या मुलीच्या गटाने फळ्यावर समजावलं, मी मागच्या बाकावर बसले.

आणि तास संपताना त्याच मुलाने विचारलं, "बाई, पंचकोन घेतला तर?" घरी करून पाहिलं. आतल्या पंचकोनात काहीच खास दिसत नाही. लंबपाद, काही आहे का त्यात?

लंबपाद · गुरुवार, रात्री १०.५०

आहे, पण उलट्या बाजूने बघायला हवं. त्याला मध्यबिंदू द्या आणि बाहेरची आकृती शोधायला सांगा.

आधी चार. समांतरभुज चौकोनाचे चार बिंदू हे मध्यबिंदू आहेत असं समजा. कुठेही एक बिंदू ठेवा. पहिल्या मध्यबिंदूतून पलीकडे तेवढंच अंतर जा, तिथून दुसऱ्या मध्यबिंदूतून पलीकडे, असं चारदा. जिओजेब्रात 'बिंदूत परावर्तन' हे साधन आहे, चार टिचक्या. चौथ्यानंतर आपण निघालो तिथेच परत येतो, पहिला बिंदू कुठेही ठेवला असला तरी. म्हणजे त्या चार मध्यबिंदूंचे चौकोन असंख्य. आणि चार बिंदू समांतरभुज नसतील तर कधीच परत येत नाही, प्रत्येक वेळी तेवढाच सरकलेला असतो.

आता पाच, कुठलेही. पाच उड्या मारून सहसा परत येत नाही. पण निघालेला बिंदू आणि पोचलेला बिंदू जोडून त्यांचा मध्य बघा. पहिला बिंदू कुठेही ओढा, तो मध्य जागचा हलत नाही. तिथून निघालं तरच पाच उड्यांनी आकृती बंद होते. पंचकोन एकच, आणि त्याचा शिरोबिंदू तो.

का, ते मी लिहीत नाही. मुलांना शोधू दे. दोन अर्धी वळणं मिळून काय होतं, एवढाच प्रश्न विचारा.

कंपासपेटी · गुरुवार, रात्री ११.१५

लंबपाद, मी आत्ता कागदावर कंपास आणि पट्टीने पाचाचं केलं. मध्य जागचा हलला नाही. दोन वेगवेगळे बिंदू घेतले.

पाटीपेन्सिल · गुरुवार, रात्री ११.३०

सर, तो कागद जपून ठेवा, फोटो टाकलात तर वर्गात दाखवीन.

शनिवारी सकाळची शाळा, पहिले दोन तास माझेच आहेत. फाइल करून नेणार नाही. पाच बिंदू त्या मुलाला ठेवायला लावते, आणि पहिली उडी कुठून मारायची ते त्या मुलीला ठरवू देते.